परग्रहांचं चित्र आपल्या डोक्यात येतं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला आलेली मंडळी शनीची कडी पाहून झाली की हमखास परग्रहांकडे वळतात. प्रश्न खगोलशास्त्राचे असतात, पण त्यांच्यामागचं चित्र बहुतेक वेळा एखाद्या सिनेमातलं किंवा शाळेत असताना वाचलेल्या कथेतलं असतं. त्यात काहीच वावगं नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या डोक्यातली चित्रंही पुष्कळदा तिथूनच आलेली असतात. मात्र त्या चित्रातला कोणता भाग मोजलेला आहे आणि कोणता रंगवलेला, हे ओळखता यायला हवं. पुढची सगळी उत्तरं त्याच खटपटीतून आली आहेत.

मंगळावरचे कालवे ही कथालेखकांची कल्पना होती ना?

नाही. ती दुर्बिणीतून आली.

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. तेव्हा मिलानच्या वेधशाळेतून जोव्हान्नी शियापारेली याने मंगळाचा नकाशा काढला आणि त्यावर लांबच लांब रेषा दाखवल्या. त्या कुणी खणलेल्या आहेत, असं त्याने ठामपणे म्हटलं नव्हतं. ते धाडस केलं बोस्टनच्या एका धनाढ्य घराण्यातल्या पर्सिव्हल लॉवेलने. त्याने १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली, शेकडो रेषा नकाशावर आणल्या आणि त्यांना एक कहाणी जोडली. मंगळ म्हातारा होत चालला आहे, त्यावरचं पाणी आटत आहे आणि तिथली शहाणी जमात ध्रुवांवरचं बर्फाचं पाणी कालव्यांनी विषुववृत्ताकडे नेत आहे, अशी ती कहाणी.

एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळवासी पृथ्वीवर चाल करून आले ते १८९८ च्या सुमारास. म्हणजे मरणपंथाला लागलेला मंगळ वेल्सला आयता मिळाला होता. त्याची स्वतःची भर वेगळी आणि फार मोलाची आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं जे केलं, त्याची आठवण तो पहिल्याच प्रकरणात करून देतो आणि तीच वेळ इंग्लंडवर आणतो. पुढे १९१२ पासून एडगर राइस बरोजने त्याच कोरड्या मंगळावर राजकन्या, तलवारी आणि ओस पडलेली शहरं वसवली. आज ‘परग्रह’ म्हटल्यावर जे तांबडं वाळवंट आपल्या मनात उभं राहतं, त्याचं मूळ या साखळीत आहे. आधी नकाशा, मग सिद्धांत, मग कादंबरी, आणि शेवटी सिनेमा.

पण इतक्या अनुभवी निरीक्षकांना नसलेल्या रेषा दिसल्या कशा?

दुर्बिणीतल्या मंगळाचं बिंब लहान असतं आणि आपल्या वातावरणामुळे सतत थरथरत असतं. क्षणभर ते स्थिर झालं की काही बारकावे दिसल्यासारखे वाटतात आणि लगेच विरून जातात. तेवढ्या क्षणात पाहिलेलं आठवून कागदावर उतरवायचं असतं. विस्कळीत ठिपके डोळ्याला जेमतेम दिसत असतील, तर मेंदू ते जोडून रेषा तयार करतो.

ग्रिनिचच्या वेधशाळेतला एडवर्ड माँडर याने १९०३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. त्याने शाळकरी मुलांसमोर मंगळासारखी चित्रं ठेवली. त्यांत ठिपके आणि डाग होते, सरळ रेषा नव्हत्या. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी पाहून जी चित्रं काढली, त्यांत रेषा उमटल्या. पुढे १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्युदाँ वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अँतोनियादी या खगोलशास्त्रज्ञाने मंगळ पाहिला, तेव्हा कालव्यांच्या जागी त्याला अनियमित, तुटक डागच दिसले.

एवढं होऊनही लोकांच्या मनातले कालवे टिकले. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर-४’ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने वीस-बावीस छायाचित्रं पाठवली. त्यांत चंद्रासारखी विवरं होती. वातावरण अतिशय विरळ निघालं. सत्तर-ऐंशी वर्षं जपलेला मंगळ त्या आठवड्यात संपला.

लॉवेलची टिंगल करणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्याच्याच वेधशाळेत स्लायफरने दूरच्या दीर्घिकांचे वेग पहिल्यांदा मोजले आणि १९३० मध्ये तिथेच प्लूटो सापडला.

मग विज्ञानकथांनी लोकांची दिशाभूलच केली असं म्हणायचं का?

रॉबर्ट गोडार्ड नावाच्या मुलाने वेल्सची ती मंगळकथा वर्तमानपत्रात वाचली आणि अंतराळप्रवासाचं वेड घेतलं. १९२६ मध्ये द्रवरूप इंधनावर उडणारं पहिलं रॉकेट त्यानेच सोडलं. कार्ल सेगन लहानपणी बरोजच्या मंगळकथांमध्ये रमलेला असे, आणि मोठेपणी मंगळावर उतरलेल्या ‘व्हायकिंग’ मोहिमेच्या शास्त्रज्ञांत तो होता. ज्या मंगळाने या माणसांना कामाला लावलं, तो मंगळ खोटा होता. त्यांनी केलेलं काम मात्र खरं होतं.

विज्ञानकथेबद्दल माझी तक्रार असलीच तर ती नेमकी उलट आहे. तिची कल्पना फार धावते असं लोक म्हणतात; मला ती पुरेशी धावत नाही असं वाटतं. बहुतेक कथांतले परग्रह म्हणजे एक गोष्ट बदललेली पृथ्वी असते. सगळीकडे वाळवंट, सगळीकडे बर्फ किंवा सगळीकडे जंगल. हवा श्वास घेण्याजोगी, गुरुत्वाकर्षण चालण्याजोगं. आणि हीच सवय शास्त्रज्ञांनाही होती, ते पुढच्या काही उत्तरांत येईलच.

शुक्रावर जंगलं आहेत असं खरंच मानलं जायचं?

हो, आणि तर्कही गमतीचा होता. शुक्राचा पृष्ठभाग दिसत नाही, म्हणजे ढग आहेत. ढग आहेत म्हणजे पाणी आहे. पाणी आणि ऊब आहे म्हणजे दलदल आणि झाडोरा असणार. नोबेल मिळवलेला स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅऱ्हेनियस यानेही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असाच दमट शुक्र रंगवला होता. मग कथालेखकांनी तिथे पावसाळी जंगलं आणि महासागर वसवले तर नवल नाही.

१९६२ मध्ये ‘मरिनर-२’ने शुक्र भयंकर तापलेला असल्याचं पक्कं केलं. १९७० मध्ये सोव्हिएत ‘व्हेनेरा-७’ तिथे उतरलं. तापमान ४६० अंश सेल्सियसच्या वर, दाब पृथ्वीच्या नव्वद पट, आणि ढग सल्फ्युरिक आम्लाचे.

सूर्यमालेबाहेरचे ग्रह सापडायला लागल्यावर कोणाचा अंदाज बरोबर ठरला?

जवळजवळ कोणाचाच नाही.

असे पहिले ग्रह १९९२ मध्ये सापडले, तेही एका पल्सारभोवती. पल्सार म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या ताऱ्याचा अतिशय वेगाने फिरणारा अवशेष. अशा ठिकाणी ग्रह शोधायला कोणी निघालंच नव्हतं; वोल्श्चान आणि फ्रेल या खगोलशास्त्रज्ञांना ते पल्सारकडून ठोक्यांसारख्या नियमित येणाऱ्या रेडिओ लहरींतल्या गडबडीतून सापडले. मग १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी फ्रान्समधल्या वेधशाळेतून महाश्व तारकासमूहातल्या ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. त्याचं वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास आणि त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांचं! आपला बुधसुद्धा सूर्याभोवती फिरायला ८८ दिवस घेतो. या शोधासाठी दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट त्याआधीची वाटते. १९५२ मध्येच ऑटो स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की ताऱ्याला खेटून फिरणारे मोठे ग्रह असू शकतात आणि त्यांच्या ओढीमुळे ताऱ्याचं होणारं हलणं मोजता येईल. पण पुढची चार दशकं शोध मुख्यतः आपल्या गुरूसारख्या, दहा-बारा वर्षांत एक फेरी मारणाऱ्या ग्रहांचा होत राहिला. कारण मनातली ग्रहमाला आपलीच होती: छोटे खडकाळ ग्रह आत, मोठे वायूचे बाहेर. इथे कल्पना तोकडी पडली ती शास्त्रज्ञांची.

सप्टेंबर २०२५ मध्ये खात्री पटलेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. त्यांत फार मोठा वाटा पृथ्वीपेक्षा मोठ्या आणि नेपच्यूनपेक्षा लहान ग्रहांचा आहे. आपल्या सूर्यमालेत या आकाराचा एकही ग्रह नाही. ते खडकाचे, पाण्याचे की जाड वायूंच्या आवरणाचे, यावर अजून वाद चालू आहे. विज्ञानकथेतही त्यांना क्वचितच जागा मिळाली होती.

दोन सूर्य मावळणारा ग्रह खरोखर आहे का?

आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला तो सूर्यास्त सगळ्यांना आठवतो. २०११ मध्ये केपलर दुर्बिणीने ‘केपलर-१६ बी’ शोधला. दोन तारे एकमेकांभोवती ४१ दिवसांत फिरतात आणि ग्रह त्या दोघांभोवती २२९ दिवसांत. पण तो शनीच्या आकाराचा आणि गारठलेला आहे. उभं राहायला जमीन मिळण्याची शक्यता नाहीच.

बातमीसोबत ग्रहाचा इतका सुंदर फोटो असतो. तो कोणत्या दुर्बिणीतून काढलेला असतो?

बहुतेक वेळा कोणत्याच नाही. ते चित्रकाराने काढलेलं असतं.

प्रत्यक्षात हाती काय येतं ते पाहा. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. २००४ आणि २०१२ मध्ये आपण शुक्राचं अधिक्रमण पाहिलं, तसंच हेही अधिक्रमण; फक्त इथे तारा म्हणजे एक बिंदू असतो. दुरून कुणी आपल्याकडे पाहत असेल तर पृथ्वीच्या अधिक्रमणाने सूर्याचा प्रकाश दहा हजारांत एका भागाहूनही कमी घटेल. दुसरी पद्धत ताऱ्याचं मागेपुढे हलणं मोजायची. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगाने हलतो, पृथ्वीमुळे फक्त नऊ सेंटिमीटर. या आलेखांतून ग्रहाचा आकार, वस्तुमान आणि वर्ष कळतं. बरेचदा यांतलं एखादंच कळतं. समुद्र, ढग, किनारे यांतलं काहीच दिसत नाही.

२०१७ मध्ये कुंभ राशीतल्या ‘ट्रॅपिस्ट-१’भोवती सात ग्रह असल्याचं जाहीर झालं. तेव्हा जगभर छापून आलेली चित्रं शास्त्रज्ञांशी बोलून काळजीपूर्वक काढली होती आणि ‘हे कल्पनाचित्र आहे’ असं त्यांवर लिहिलंही होतं. तरी वाचकाच्या मनात निळं पाणी राहिलं, खालची ओळ विसरली गेली. त्यानंतर २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सर्वांत आतल्या ग्रहाचं तापमान मोजलं. दिवसाच्या बाजूला सुमारे २३० अंश सेल्सियस, आणि वातावरणाचा मागमूस नाही. तो आतला ग्रह तापलेला असणार हे अपेक्षितच होतं. बाहेरच्या ग्रहांबद्दलचा निकाल अजून यायचा आहे.

जाणकारांची चित्रंही चुकतात. १९४४ मध्ये चेस्ली बोनेस्टेल या चित्रकाराने टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी रंगवला: निळं आकाश, बर्फाळ कडे आणि मधोमध तेजस्वी कडी. त्या चित्राने एक पिढी खगोलशास्त्राकडे ओढली गेली. २००५ मध्ये ‘हायगेन्स’ यान टायटनवर उतरलं, तेव्हा तिथे दाट नारिंगी धुकं होतं. त्या धुक्यातून साध्या डोळ्यांना शनी दिसणारच नाही.

आणि १९७६ ची गोष्ट तर खुद्द मोहिमेतल्या लोकांची. ‘व्हायकिंग-१’ने मंगळावरून पाठवलेलं पहिलं रंगीत छायाचित्र निळसर आकाशासह जाहीर झालं, कारण रंग जुळवणाऱ्यांच्या मनात आकाश निळंच होतं. लगेच दुरुस्ती झाली: मंगळाचं दिवसाचं आकाश धुळीमुळे गुलाबी-पिवळसर असतं. निळी झाक असते ती तिथल्या सूर्यास्ताला.

बाह्यग्रहांची खरी छायाचित्रंही आहेत, थोडी आहेत आणि मला ती कोणत्याही रंगवलेल्या चित्रापेक्षा जास्त आवडतात. महाश्वातल्याच ‘एचआर ८७९९’ ताऱ्याभोवतीचे चार ग्रह त्यांत चार ठिपके म्हणून दिसतात. काही वर्षांची छायाचित्रं ओळीने लावली की ते ठिपके ताऱ्याभोवती सरकताना दिसतात.

‘काचेचा पाऊस पडणारा ग्रह’ ही बातमी खरी आहे का?

अर्धी मोजलेली, अर्धी अनुमानाची. ‘एचडी १८९७३३ बी’ आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा रंग गडद निळा असल्याचं हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये समजलं. तिथे वारे ताशी हजारो किलोमीटर वेगाने वाहतात, हेही निरीक्षणांतून निघतं. वातावरणातले सिलिकेटचे कण घट्ट होऊन काचेसारखे आडवे उडत असतील, हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे. अंदाज तर्कसंगत आहे, पण तो पाऊस कुणी पाहिलेला नाही. निळा रंग मात्र मोजलेला आहे आणि त्याचा समुद्राशी काहीही संबंध नाही.

जीवयोग्य पट्ट्यातला ग्रह म्हणजे राहण्याजोगा ग्रह?

नाही. हा पट्टा म्हणजे ताऱ्यापासूनचं फार जवळ नाही आणि फार दूर नाही असं अंतर. तिथे योग्य वातावरण असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूप राहू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. या वाक्यातला ‘असेल तर’ बातमीत गळतो.

कथेतला ग्रह खरा निघाला, असं कधी झालं आहे?

उलटं अनेकदा झालं आहे. १९४० च्या दशकात हंस तारकासमूहातल्या ‘६१ सिग्नी’ला अदृश्य साथीदार असल्याचा दावा झाला. हॅल क्लेमेंट या विज्ञानकथालेखकाने त्यावर १९५३ मध्ये एक विलक्षण ग्रह रचला: इतका वेगाने फिरणारा की विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांवर शेकडो पट. गणितं करून रचलेला हा ग्रह आजही विज्ञानकथेतला माझा सर्वांत आवडता ग्रह आहे. तो साथीदार मात्र पुढे खोटा ठरला.

‘स्टार ट्रेक’मधल्या व्हल्कनचंही असंच. मालिकेच्या निर्मात्याने काही खगोलशास्त्रज्ञांसह १९९१ मध्ये पत्र लिहून त्या ग्रहाचा तारा म्हणून यमुना तारकासमूहातला ‘४० एरिडानी ए’ सुचवला. २०१८ मध्ये तिथे खरोखर ग्रह सापडल्याची बातमी आली, ४२ दिवसांच्या वर्षाचा. २०२४ मध्ये अधिक बारीक मोजमापांतून दिसलं की तो खुद्द ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या हालचालींचा परिणाम होता. ग्रह खोडावा लागला.

सध्या लक्ष ठेवावं असं ठिकाण म्हणजे अल्फा सेंटॉरी ए. ‘अवतार’मधला पँडोरा तिथल्या एका वायूच्या ग्रहाचा चंद्र दाखवला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जेम्स वेबच्या निरीक्षणांतून तिथे शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असण्याची चिन्हं जाहीर झाली. शिक्कामोर्तब व्हायचं आहे.

कथेतली नावं मात्र खऱ्या नकाशावर गेली आहेत. ‘ड्यून’ कादंबरीमालेतल्या ग्रहांची नावं आता टायटनवरच्या मैदानांना दिलेली आहेत. टायटनवर वाळूसारख्या कणांच्या खरोखरच्या टेकड्या आहेत, तेव्हा ती शोभतातही.

मराठी विज्ञानकथेत परग्रह कसे आले?

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते डॉ. जयंत नारळीकरांचं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हेही विज्ञानकथा लिहीत. हॉयल यांच्या १९५७ च्या कादंबरीत बुद्धिमान जीव म्हणजे ताऱ्यांमधून फिरणारा एक प्रचंड मेघ आहे. ग्रहासारख्या अडचणीच्या जागी बुद्धी निर्माण होऊ शकते, याचंच त्या मेघाला आश्चर्य वाटतं. परग्रहाच्या ठरलेल्या चित्रातून बाहेर पडायचं असेल तर अशी कल्पना लागते.

या गुरुशिष्यांचं कुतूहल कागदावर थांबलं नाही. जीवसृष्टीचं बीज अंतराळातून आलं असावं, असं हॉयल मानत. नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोच्या मदतीने हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले गेले. त्यांत सापडलेल्या एका नव्या जिवाणूला हॉयल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ असं नाव मिळालं. तो बाहेरून आला असं यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोनेही स्पष्ट केलं होतं.

‘के२-१८ बी’वर जीवसृष्टी सापडली ना?

अजून नाही. सिंह राशीतला हा ग्रह १२४ प्रकाशवर्षं दूर आहे. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला २०२३ मध्ये त्याच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. एप्रिल २०२५ मध्ये याच गटाने डायमिथाइल सल्फाइडची चिन्हं दिसल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींकडून येतो. इतर गटांनी तीच आकडेवारी तपासली तेव्हा पुरावा कमकुवत वाटला, आणि ग्रहावर समुद्र आहे की नाही यावरच एकमत नाही. मूळ दावाही सावध होता. मथळे तसे नव्हते.

भारतातून कोणी बाह्यग्रह शोधला आहे का?

हो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूजवळच्या गुरुशिखर वेधशाळेतून, ‘पारस’ या उपकरणाच्या मदतीने, २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह असल्याचं सिद्ध केलं. शिवाय २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या उपक्रमात एका ताऱ्याचं नाव भारताने सुचवलं: ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून. त्याच्या ग्रहाचं नाव ‘संतमस’.

यांतले तारे साध्या डोळ्यांनी दिसतात का?

काही दिसतात. ‘४० एरिडानी’ हिवाळ्यात, मृगातल्या राजन्याच्या पश्चिमेला, अंधाऱ्या गावाकडच्या आकाशात सापडतो. ‘५१ पेगासी’ ऑक्टोबर-नोव्हेंबरात महाश्वाच्या चौकोनाच्या पश्चिम कडेबाहेर असतो. तो मंद आहे, द्विनेत्री जवळ ठेवा. अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला ‘मित्र’, मेअखेरीस रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा-बारा अंश वर येतो. कोकणात किंवा गोव्यात दक्षिणेकडे मोकळा समुद्रकिनारा असेल तर उत्तम. पावसाळी ढग यायच्या आत बघून घ्या. ‘ट्रॅपिस्ट-१’ आणि ‘के२-१८’ मात्र लाल खुजे, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि खूप मंद, तारे आहेत, आणि त्या प्रकारचा एकही तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.